आजोबांना गोष्टीतून बाहेर काढताना

मुलांसाठी लिहिणं सोपं असतं असं मला खरंच वाटायचं, म्हणजे छोटी वाक्यं, सोपे शब्द, शेवटी थोडा बोध, झालं काम. पहिली गोष्ट मी दोन रात्रींत लिहिली आणि स्वतःवरच जाम खूश होते. नऊ वर्षांच्या चिन्मयकडून लायब्ररीचं पुस्तक हरवतं आणि त्याचे आजोबा डोकं लढवून ते शोधून देतात.

दहा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवली. अर्ध्यापर्यंत ऐकत होती, मग उशीचा सुटलेला दोरा ओढत बसली, आणि संपल्यावर म्हणाली, "मावशी, पण यात चिन्मय काय करतो?" म्हटलं, अगं तो शिकतो ना, वस्तू जपून ठेवायच्या ते. "ते आजोबा बोलतात. तो नुसता हो म्हणतो."

मला आधी रागच आला. मग परत वाचली तर पोरगी बरोबर बोलत होती. आणि आजोबांना काढायला जीवावर येत होतं कारण आजोबा म्हणजे मीच होते, सगळं माहीत असलेली आणि सांगायची घाई झालेली.

मुलांच्या गोष्टींत इतकी अनाथ पोरं, इतकी हॉस्टेलं आणि सुट्ट्या का असतात ते तेव्हा डोक्यात शिरलं. मोठं माणूस जवळ असलं की अडचण तेच सोडवणार. त्यात आता मोबाइल, एक फोन केला की गोष्ट खल्लास. मी आधी बॅटरी संपवली, मग रेंज घालवली, दोन्ही चीटिंगच वाटलं. शेवटी फोन चालू ठेवला, पण चिन्मय घरी खोटं बोलून बाहेर पडलाय असं केलं. आता त्याला फोन करताच येईना, आणि गोष्ट आपोआप पळायला लागली.

दुसरी खोड नजरेची. 'त्याच्या निरागस डोळ्यांत पाणी तरळलं' असलं मी बिनधास्त लिहायचे. पण हे बघतंय कोण? नऊ वर्षांच्या मुलाला आपण निरागस आहोत हे माहीत नसतं. ते वाक्य खोडून 'फळ्यावरची अक्षरं एकात एक मिसळायला लागली' एवढंच ठेवलं.

मध्ये चित्रपुस्तक पण करून बघितलं. ही पुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात, कारण मोठा कागद छापून दुमडला की पानं 8 किंवा 16 च्या पटीत निघतात. मी 8 कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घातले, झाली 32 पानं, आणि त्यात पेन्सिलीने मजकूर वाटत बसले. सुरुवातीची दोन-तीन पानं नाव आणि इतर माहितीतच जातात, त्यामुळे गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या जेमतेम चौदा जोड्या मिळतात. लाल फ्रॉक, कुरळे केस, पाऊस, हे सगळं चित्रात दिसणारच होतं, मग मी कशाला लिहू? नऊशे शब्दांचे चारशे झाले. आणि उत्सुकता उजव्या पानाच्या तळाशी ठेवायची, म्हणजे उत्तरासाठी पान उलटावंच लागतं. हे कागद दुमडल्याशिवाय मला कळलंच नसतं.

टीनएजर्ससाठी लिहिताना वेगळंच तोंडावर पडले. पात्रांच्या तोंडी चिक्कार स्लँग घातला, एका पंधरा वर्षांच्या मुलीला वाचायला दिला, तिने फक्त "असं कोणी बोलत नाही" लिहून पाठवलं. तसंही तो स्लँग पुस्तक बाहेर येईपर्यंत शिळा होतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त उडवला. तिला आवडला तो एकच प्रसंग, नायिका मैत्रिणीला लांबलचक मेसेज टाइप करते, सगळा खोडते आणि नुसतं 'ओके' पाठवते. तो मी घाईघाईत लिहिलेला, ही गंमतच.

चिन्मयचा चौथा ड्राफ्ट व्हायला दोन वर्षं लागली. आजोबा आता एकाच प्रसंगात येतात आणि तेव्हाही झोपलेले असतात. भाचीने या वेळी शेवटपर्यंत न थांबता वाचली, पण ती आता बारा वर्षांची. "मस्त झालीये, पण हा खूपच लहान आहे गं." मुलांना आपल्याहून दोनेक वर्षं मोठा हिरो लागतो हे मी कधीच वाचलं होतं. म्हटलं, बरं मग, किती वर्षांचा करू? तिने विचार केला आणि म्हणाली, "चौदा. आणि मुलगी कर."