पाकिटावरचे दहा कोटी

आमच्या युनिटच्या कच्च्या मालाच्या रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त पानं तांदळाच्या कणीने खाल्ली आहेत. वाशीच्या एपीएमसीतून येते. दुकानदाराला सुरुवातीला वाटायचं, आम्ही इडलीचं पीठ विकतो. खरं काय ते कळल्यापासून तो मला 'बुरशीवाल्या मॅडम' म्हणतो. कणीला कुबट वास येतोय अशी तक्रार केली की वर सुनावतो, "तुम्हाला काय फरक पडतो? बुरशीच तर लावायचीय." फरक पडतो, भाऊ. कुबट कणीतून असे जिवाणू येतात की ऑटोक्लेव्हमधूनही, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातूनही, त्यातले काही जिवंत बाहेर पडतात आणि अख्खी पिशवी चिकट करून टाकतात.

रबाळे एमआयडीसीतलं लहानसं युनिट. वरच्या मजल्यावर लॅब, खाली पॅकिंग. आम्ही किडे मारणाऱ्या बुरश्या वाढवतो: मेटारायझियम, बिव्हेरिया, लेकॅनिसिलियम. माझ्याकडे क्यूसी, म्हणजे पाकिटावर लिहिलंय ते पाकिटात आहे का हे बघणं. बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. या बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं सूक्ष्म बी, किड्याच्या अंगाला चिकटतो, तिथेच अंकुरतो, दाब आणि विकरं (एन्झाइम) दोन्ही वापरून कातडीला भोक पाडतो आणि आत शिरून रक्तात वाढतो. किडा काही दिवसांनी मरतो. हवेत ओल असेल तर मेलेल्या किड्यावर बुरशी बाहेर येते, मेटारायझियमची हिरवी, बिव्हेरियाची पांढरी. कल्पना नवी नाही. रेशीमकिड्यांचा पांढरा रोग बुरशीमुळे होतो हे आगोस्तिनो बास्सीने १८३५ मध्ये दाखवलं. १८७९ मध्ये मेच्निकॉफने गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी हिरवी बुरशी वापरून पाहिली होती.

आता पाकिटाकडे येते. आपल्याकडे अशा पावडरीत ग्रॅममागे किमान १ × १०⁸ सीएफयू असावे लागतात. म्हणजे वसाहत उगवू शकणारे दहा कोटी जिवंत कण. बॅचमधून एक ग्रॅम घ्यायचा, पाण्यात मिसळून पातळ करत जायचं, प्लेटवर पसरायचं आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. आकडा बसला की सही. मी अशा असंख्य सह्या केल्या आहेत आणि त्यातली एकही खोटी नाही. पण तो आकडा कुठे मिळतो ते बघा. प्लेटमध्ये बटाट्याचा अर्क आहे, साखर आहे, तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंश आहे, वर ऊन नाही, वारा नाही. तिथे जगले ते सगळे मोजले जातात. त्यातले फेब्रुवारीच्या दुपारी आंब्याच्या मोहोरावर किती जगतील, हे त्या सहीत कुठेच येत नाही.

आणि मरतात ते उन्हानेच. उन्हातल्या यूव्ही-बी (अतिनील) किरणांनी बीजाणूच्या डीएनएची मोडतोड होते, उघड्या पानावर काही तासांत पुष्कळसे निकामी होतात. ओला बीजाणू उष्णतेलाही कच्चा असतो, कोरडा त्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. बरं, अंकुरायला त्याला चांगल्या परिस्थितीतही पाऊण-एक दिवस लागतो. म्हणजे किड्याच्या आत शिरून सुरक्षित होण्याआधी एखादी दुपार त्याला बाहेर काढावीच लागते.

इथपर्यंत या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असतं. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ही, की ती दुपार निघेल की नाही हे बऱ्याच अंशी आमच्या लॅबमध्येच ठरतं. बुरशीची जात तीच, स्लँट (नळीत जपलेलं मूळ कल्चर) तोच, पण तिला कशावर वाढवलं, उजेडात की अंधारात, यावरून बीजाणूची सोसण्याची ताकद बदलते. यावर सगळ्यात चिकाटीने काम केलंय ते ड्राउझिओ रँजेल आणि डोनाल्ड रॉबर्ट्स या जोडीने, अमेरिकेतल्या यूटा स्टेट विद्यापीठात. त्यांनी मेटारायझियमला भरपूर खाऊ घालून वाढवलं, शिवाय जेमतेम क्षार असलेल्या, साखर जवळजवळ नसलेल्या माध्यमावरही वाढवलं. उपाशी बुरशीने जे बीजाणू दिले ते यूव्ही-बी आणि उष्णता या दोन्हींना जास्त पुरून उरले. त्यांच्या पोटात ट्रेहॅलोज आणि मॅनिटॉल जास्त साठलेलं होतं. ट्रेहॅलोज ही साखर आणि मॅनिटॉल हा तिचा जवळचा नातलग, दोघं मिळून पेशीतली प्रथिनं आणि पापुद्रे तापताना, सुकताना सांभाळतात. माध्यमात मीठ वाढवलं किंवा वाढत्या बुरशीला थोडा वेळ उष्णतेचा झटका दिला तरी असाच परिणाम दिसतो. मजा अशी की त्रास एका प्रकारचा द्यायचा आणि ताकद दुसऱ्याच त्रासाविरुद्ध वाढलेली मिळते. भुकेने उन्हाची तयारी होते.

त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, इंग्लंडमध्ये हॉल्सवर्थ आणि मगन यांनी पाण्याच्या बाजूने हाच प्रश्न सोडवला होता. माध्यमात ग्लिसरॉल घालून बुरशीला पाणी सहज मिळू द्यायचं नाही. मग बीजाणूंमध्ये ग्लिसरॉल आणि एरिथ्रिटॉल, हे मॅनिटॉलचेच भाऊबंद, साठतं आणि ते बऱ्याच कोरड्या परिस्थितीतही अंकुरतात.

हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तर पॅकिंगच्या सुपरवायझर काकांनी लगेच निकाल दिला, "म्हणजे लाडावलेली पोरं बिघडतात, तसंच." सगळे हसले. मला ही उपमा अजिबात पटत नाही. पोराला उपाशी ठेवून ते कणखर होत नाही, आजारी पडतं. बुरशीतही संस्कार वगैरे काही नाही, सरळ रसायन आहे. ग्लुकोज मुबलक असताना तिची ताणाविरुद्धची जनुकं दबलेली असतात, अन्न तुटलं की ती मोकळी होतात. आणि प्रत्येक जातीचा हिशोब वेगळा. विषुववृत्ताजवळच्या मातीतून मिळालेले मेटारायझियमचे नमुने उत्तरेकडच्यांपेक्षा यूव्ही-बी जास्त सोसतात. टोळांवरचं मेटारायझियम ॲक्रिडम तर मुळातच चिवट. हिरवा रंगसुद्धा कामाचा असतो: रंग हरवलेले पांढरे नमुने उन्हात सर्वांत आधी जातात. तेव्हा चुकीची जात निवडून तिला कितीही उपाशी ठेवलं तरी पदरात काही पडत नाही.

मग आम्ही सरळ उपाशी का वाढवत नाही? कारण उपाशी बुरशी बीजाणूच थोडे देते. एवढं साधं आहे. कणीवर पिशवी आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवीगार होते, हात लावला की धूर उडावा तशी पूड उडते. जेमतेम माध्यमावर विरळ हिरवट सायीसारखं काहीतरी येतं. विकताना आकडा पाहिला जातो, टेंडरमध्ये आकडा पाहिला जातो, शेतकरी दोन पाकिटं शेजारी ठेवून ज्यावर मोठा आकडा तेच उचलतो. त्याचीही चूक म्हणता येत नाही, पाकिटावर तुलना करण्यासारखं दुसरं आहे काय? आमच्या साहेबांचं म्हणणं, "मॅडम, निम्मे बीजाणू आणि दुप्पट ताकद, हे मी लेबलवर कुठल्या कॉलममध्ये छापू?" प्रश्न बरोबर आहे. मला उत्तर देता आलं नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

उजेडाची गोष्ट मात्र स्वस्तातली आहे आणि तिच्यावर मी अडून बसले आहे. वाढताना सतत पांढरा उजेड मिळालेलं मेटारायझियम अंधारात वाढलेल्यापेक्षा यूव्ही आणि उष्णता जास्त सोसणारे बीजाणू देतं. यात यूव्ही दिवा नको, साध्या ट्यूबलाइटसारखा उजेड पुरतो. उपासमारीत बीजाणू घटतात तसा फटकाही बसत नाही. पण आमची वाढीची खोली काळोखी, जुन्या गोदामासारखी. ती तशी का, तर आधीपासून तशीच आहे. शिवाय पिशवीत कणीचा चार बोटं जाड थर असतो, उजेड पोचणार फक्त बाहेरच्या दाण्यांना. त्यासाठी उथळ ट्रे हवेत, ट्रेला जागा जास्त लागते, आणि ट्रे उघडे म्हणून भेसळीची भीती. रबाळ्याला पावसाळ्यात भिंतींवरसुद्धा काय काय उगवतं ते आम्ही बघतोच.

आपली तपासणी म्हणून मी एक करते, ज्याला नियमात जागा नाही. बीजाणू पातळ थरात प्लेटवर पसरायचे, काही प्लेट झाकून आणि काही उघड्या युनिटच्या गच्चीवर ठेवायच्या, मग इन्क्युबेटरमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली कोंब फुटलेले मोजायचे. झाकलेल्या प्लेट सोबत असतात त्या उष्णतेचा परिणाम वेगळा काढण्यासाठी. ढगाळ दिवशी हा खेळ फसतो, आणि ठाणे-बेलापूर रोडवरची धूळ वेगळी. तरी कुठली बॅच मऊ आणि कुठली चिवट हे कळतं. आकड्यात दोन्ही पास असतात.

एक काळजी याहून जुनी आहे, सबकल्चरची. मदर कल्चरवरून प्लेट, प्लेटवरून पुढची प्लेट, असं पौष्टिक माध्यमावर वर्षानुवर्षं चालवलं की बऱ्याच जाती उतरतात. प्लेटच्या एका कोपऱ्यात पांढरा कापसासारखा पट्टा येतो, बीजाणू कमी, तंतूच जास्त. किडे मारण्याची ताकदही घसरू शकते. हे प्रत्येक जातीत होत नाही, पण होतं तेव्हा हळूहळू होतं, म्हणून लक्षात येत नाही. उपाय जुनाच: बुरशी किड्यातून फिरवून आणायची. आम्ही त्यासाठी कॉर्सायराच्या, म्हणजे तांदळातल्या पतंगाच्या, अळ्या पाळतो, त्यांना लागण करायची, मेलेल्या अळीवर उगवलेली बुरशी परत शुद्ध करून घ्यायची आणि तिचे ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला साठा, डीप फ्रीझरमध्ये. कॉर्सायराचे पतंग लॅबमधून निसटून थेट कणीच्या पोत्यांकडे जातात, त्यावरून स्टोअरवाल्याशी माझं दर महिन्याला भांडण ठरलेलं.

एवढं बोलल्यावर हेही सांगायला हवं, की सगळ्याच पाकिटांना चिवट बीजाणू लागत नाहीत. उसातली हुमणी जमिनीत, नारळावरच्या गेंडा भुंग्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात. तिथे ऊन पोचतच नाही, ओल असते, आपली नेहमीची कणीवरची बॅच व्यवस्थित काम करते. तिथे मला बीजाणूंची संख्याच जास्त हवी. अडचण मोहोर, पानं, भाजीपाला यांची. दोन्हीकडे एकच पाकीट, एकच आकडा, हे मला खटकतं.

देवगडला माझा मामा कलमं करतो. तुडतुड्यांसाठी तो हल्ली बिव्हेरिया मारतो आणि फोन करतो, "अगं, तुझी पावडर मारली, तुडतुडे मस्त नाचतायत." किती वाजता मारलीस विचारलं तर सकाळी नऊ. सकाळी नऊला मारलेली पावडर दिवसभर उन्हात भाजते. मामा, ऊन उतरल्यावर मार, म्हणजे रात्र आणि दव दोन्ही मिळतं. मोहोराबरोबर खोडावरही मार, तुडतुडे सालीच्या भेगांत लपतात, तिथे सावलीही असते. आणि पावडर विहिरीच्या गार पाण्यात एकदम ओतू नकोस. खूप सुकवलेला बीजाणू गार पाण्यात धाडकन भिजला की त्याचा पापुद्रा फाटतो आणि तो फवारण्याआधीच मरतो. कोमट पाण्यात, हाताला जेमतेम ऊन लागेल अशात, थोडा वेळ भिजू दे, मग पंपात. तेलातलं मिश्रण मिळालं तर कोरड्या हवेत ते जास्त चालतं. आफ्रिकेत टोळांसाठी मेटारायझियम तेलातूनच फवारतात. पाकीट स्कूटीच्या डिकीत ठेवून बाजार फिरू नकोस. मामा सगळं ऐकतो आणि शेवटी विचारतो, "आणि तुमच्या पाकिटावर हे का नाही लिहीत?" थोडं लिहिलेलं आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत.

साहेबांनी या महिन्यात दोन रॅक ट्रेसाठी दिले आहेत, ट्यूबलाइटसकट. तिथे फक्त मेटारायझियम, फक्त फवारणीच्या पाकिटांसाठी. अट अशी की आकडा दहा कोटींच्या खाली जाता कामा नये आणि विजेचं बिल वेगळं दाखवायचं. मी माझ्याकडून एक अट घातली: गच्चीवरच्या तपासणीसाठी रजिस्टरमध्ये एक रकाना. तो आखून झालाय, पहिल्या ओळीत बॅच नंबर टाकलाय, पुढचं ढगांवर अवलंबून आहे.