भूर्ज, ब्यर्क, बेर्कानो

रविवार, रात्र

वहिनीला सातवा लागला. पंधरा दिवसांनी नाशिकला डोहाळजेवण आहे आणि मला स्टॉकहोमहून निघता येणार नाही. म्हणून तिच्यासाठी मण्यांचा पट्टा विणायला घेतला, मनगटावर बसेल असा. मधोमध एकच रून अक्षर, म्हणजे उत्तर युरोपच्या जुन्या लिपीतलं, नाव बेर्कानो. एक उभा दांडा आणि त्याच्या उजवीकडे दोन टोकदार पोटं.

बेर्कानो म्हणजे बर्च. स्वीडिशमध्ये ब्यर्क. आपला भूर्ज तो हाच, शब्दाचं मूळसुद्धा एकच. हे कळलं त्या दिवशी मी खिडकीबाहेरच्या पांढऱ्या खोडाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. तिकडे भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या गेल्या, इकडे लाकडावर रून्स कोरली गेली. व्हायकिंगांचं बिर्का हे गाव ज्या बेटावर होतं, त्या ब्यर्कोचा अर्थही बर्चचं बेट. तिथल्या बायकांच्या कबरींत मण्यांच्या माळा सापडल्या. छातीवर दोन लंबगोल ब्रोच आणि त्यांच्यामध्ये काचेचे, स्फटिकाचे, लालबुंद कार्नेलियनचे मणी. इथल्या संग्रहालयात त्या माळांपुढे उभी राहिले की मला ओवणाऱ्या बोटांचाच विचार येतो.

आधी पट्टा मागावर विणला. तिरक्या रेषांच्या पायऱ्या झाल्या, बेर्कानोचं पोट करवतीसारखं दिसायला लागलं. सगळं उसवलं. मग पेयोट स्टिच ही मण्यांची दुसरी वीण घेतली. तिच्यात प्रत्येक मणी शेजारच्यापेक्षा अर्धं घर सरकून बसतो, त्यामुळे तिरकी रेष सुरेख येते, उभीही सरळ येते. आडवी मात्र नागमोडी होते. आणि रून्समध्ये आडव्या रेषा जवळपास नसतातच! लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढलेली खूण त्यांच्यातच हरवते, म्हणून कोरणाऱ्यांनी ती टाळली असं म्हणतात. लाकडाला जे नको, तेच माझ्या विणीलाही नको. आज दुपारी हे हातानेच कळलं आणि अंगावर काटा आला.

बेर्कानो म्हणजे स्त्रीऊर्जा, मातृत्व, असं आजकाल सगळीकडे वाचायला मिळतं. हा अर्थ बराचसा अलीकडचा. जुन्या नॉर्वेजियन रूनकवितेत ती फक्त सर्वांत हिरव्या पानांची फांदी आहे. म्हणून मी जमीन सायीच्या रंगाची ठेवली आणि अक्षर हिरवं. पण बाईचा आणि रून्सचा जुना संबंध मला दुसरीकडे सापडला, आणि तो जास्त खरा वाटतो. एड्डा या जुन्या नॉर्स काव्यसंग्रहात सिग्रद्रीवा ही वाल्किरी, म्हणजे रणदेवता, सिगुर्डला रून्सची विद्या देते. शिकवणारी बाई, शिकणारा वीर. त्यात बाळंतपणासाठीची ‘ब्यार्गरूनार’ येतात, म्हणजे मदतीची रून्स. ती तळहातांवर कोरावीत, सांध्यांभोवती हात आवळावेत आणि दीसींना, म्हणजे राखणाऱ्या स्त्री-देवतांना, साकडं घालावं. बाळाला आईपासून ‘सोडवायचं’, असा तिथला शब्द आहे. आपणही ‘सुटका झाली’ म्हणतो, ‘मोकळी झाली’ म्हणतो.

कुठली अक्षरं कोरायची ते त्या ओळींत सांगितलेलं नाही. हात मात्र सांगितलेत. आजीच्या वेळी सुईण होती, तिचे हात आजी शेवटपर्यंत आठवायची. तेव्हापासून मला ऊर्जा वगैरे म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं, कुणीतरी घट्ट धरलेला हात.

म्हणून पट्टा फिरवून घेतला. आता अक्षर मनगटाच्या आतल्या बाजूला येईल, तळहाताच्या लगत. वहिनीने मूठ आवळली की ते तिला दिसेल.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिने चष्मा वर-खाली करून नीट पाहिलं.

“छान झालंय गं. पण काळा मणी कुठाय?”

“अगं, हे इथलं अक्षर आहे आई.”

“असू दे की. दोन घाल. बाळाला दृष्ट नको लागायला.”

काळी पोत डब्यात होतीच, माझ्याच जुन्या मंगळसूत्राची. दोन मणी सोडवले आणि बेर्कानोच्या दोन्ही बाजूंना एकेक टाचला. उद्या पार्सल टाकते.