तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमातली गाडी वेळेत थांबते तेव्हा

लग्नकार्यात कुणीतरी ओळख करून देतं, "हे रेल्वेत ड्रायव्हर होते", आणि थोड्या वेळाने तो प्रश्न येतोच. सिनेमात रेल्वे इतकी चुकीची दाखवतात, तुम्हाला ती बघवते कशी?

चुका दिसतात, नाही कशाला म्हणू. बोगद्यात शिरताना इलेक्ट्रिक इंजिन असतं, बाहेर पडताना डिझेल होतं आणि शिट्टी मात्र कोळशाच्या इंजिनाची. टपावर मारामारी चाललेली असते आणि वर २५,००० व्होल्टची तार. तिला हात लागायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी ती माणसाला सोडत नाही. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना सिनेमातली गाडी सुसाट पळते. खरं तर तिथे ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, मागून बँकर इंजिनं लावून गाडी रेटावी लागते. नोकरीच्या सुरुवातीला मी हे सगळं घरात बोलून दाखवायचो. बायको शाळेत शिकवायची. तिला इंजिन बदललेलं कळायचंही नाही, पण पडद्यावरचे गुरुजी मुलांकडे पाठ करून बोलायला लागले की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

सगळ्यात खोटं दृश्य कोणतं, तर रुळावर माणूस उभा, ड्रायव्हर ब्रेक मारतो, चाकांखालून ठिणग्या उडतात आणि गाडी हातभर अंतरावर थांबते. ताशी ११० किलोमीटरने गाडी एका सेकंदात ३० मीटर जाते. इमर्जन्सी ब्रेक लावला की पाइपातली हवा सुटते, डब्याडब्याला ब्रेक लागत जातात, तरी पाऊण-एक किलोमीटर गाडी पुढे जातेच. माणूस डोळ्यांना दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो.

चाळीसगावच्या अलीकडे, थंडीतल्या एका पहाटे, सायकल खांद्यावर घेऊन एक माणूस रूळ ओलांडत होता. मी हॉर्न दाबून धरला, ए-नाइनचं, म्हणजे गाडीच्या ब्रेकचं, हँडल इमर्जन्सीला टाकलं. हवा सुटल्याचा मोठा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं. त्यानंतर माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि गाडी चालतच होती. थांबली तेव्हा असिस्टंट आणि गार्ड उतरून मागे गेले. इंजिन सोडून जायचं नसतं, म्हणून मी सीटवर बसून राहिलो. पुढे भुसावळपर्यंत तीच गाडी मीच नेली. असिस्टंट प्रत्येक सिग्नल मोठ्याने सांगत होता, मी मोठ्याने उत्तर देत होतो.

लाइनवरच्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं. आमच्यात त्याला रनओव्हर म्हणतात. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या जागी, कुणी चहा आणून देतं, विषय काढत नाही.

त्यानंतर ते खोटं दृश्य मला आवडायला लागलं. नुसतं चालवून घेतो असं नाही, मी त्याची वाट बघतो. ब्रेक लागतो, माझी बोटं खुर्चीच्या हातावर आवळतात, गाडी थांबते, समोरचा माणूस जिवंत असतो. ड्रायव्हर खाली उतरून त्याच्यावर ओरडतो. मलाही त्या माणसावर तसंच ओरडायचं होतं.

उलट एकदा एका सिनेमात हे अगदी बरोबर दाखवलं होतं. हॉर्न, हवेचा आवाज, मग ती लांबच लांब शांतता. कुठेही चूक नव्हती. मी टीव्ही बंद केला आणि तो सिनेमा पुन्हा लावला नाही. तपशील चुकला की रसभंग होतो असं जे म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरं नाही. माझा जीव त्या चुकीतच अडकलेला आहे.

परवा असाच सिनेमा बघताना नातीने विचारलं, "आजोबा, गाडी खरंच अशी थांबते?"

"नाही गं, थांबत नाही. म्हणून फाटक बंद असताना खालून कधी जायचं नाही."

तिने मान हलवली. मग तिला म्हटलं, जरा मागे घे, गाडी थांबते तिथून परत लाव.