फ्रेम घेतली, मढवणार कोण?

मरून रंगाच्या टी-शर्टावरच्या गणपतीला दोन सोंडा आल्या, तेव्हा आमच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात फ्रेम या विषयावर पहिल्यांदा बोलणं झालं. फ्रेम, म्हणजे जिच्यावर जाळीचं कापड ताणून मढवतात ती चौकट. मढवली की ती स्क्रीन, तिच्या जाळीतून शाई खाली शर्टावर उतरते. तोवर फ्रेम म्हणजे फ्रेम. सागवानी, अण्णांनी मिस्त्रीसमोर उभं राहून करून घेतलेली. अण्णा म्हणजे माझे सासरे. इंदूरच्या रामबागेत लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि कापडी पिशव्या छापण्यात त्यांची हयात गेली. मी दुकानात बसायला लागल्यावर चार स्क्रीन लावता येणारं चार हातांचं मशीन आणलं, प्लास्टिसोल शाई आणली, टी-शर्ट सुरू केले. फ्रेमा मात्र त्याच राहिल्या. त्या बदलायच्या असतात हे डोक्यातच आलं नाही.

ऑर्डर एका गणेश मंडळाची होती, एकशे चाळीस शर्टांची, अनंत चतुर्दशीच्या झांकीत, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीत घालायचे म्हणून. इथल्या कापड गिरण्या कधीच्या बंद पडल्या, तरी त्यांच्या झांक्या अजून रात्रभर निघतात, आणि त्या रात्री आम्ही छपाईवाले देखाव्यांपेक्षा लोकांच्या पाठी आणि छात्याच जास्त बघत फिरतो. डिझाइन चार रंगांचं: खाली पांढरा थर, त्यावर केशरी, पिवळा, आणि शेवटी काळी रेघ. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी, सकाळी चारही एकमेकींशी जुळवून घेतल्या. चाळीसेक शर्ट छान गेले. जेवून आलो तर कारागीर म्हणतो, "भाभी, ये तो सरक रहा है."

आधी मी त्याच्यावरच डाफरले. मग मशीनच्या बेअरिंगवर संशय घेतला, मग शाईवर. पुन्हा जुळवलं, दहा शर्टांनी पुन्हा तेच. शेवटी अण्णा पुढच्या खोलीतून उठून आले, पांढऱ्या रंगाची फ्रेम मशीनवरून काढली आणि एक्स्पोजिंगच्या, म्हणजे उजेडाने स्क्रीनवर चित्र उठवायच्या पेटीच्या काचेवर ठेवली. एका कोपऱ्यावर बोट दाबलं. समोरचा कोपरा उचलला गेला. टक. सोडलं, परत टक. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून त्या फटीत सरकवलं, ते सहज आत गेलं.

"पीळ पडलाय," ते म्हणाले. "पावसाळा आहे. आणि तू तिला रोज न्हाऊ घालतेस."

खरंच होतं ते. कार्डाच्या कामात एक स्क्रीन महिनोन् महिने तशीच राहायची. टी-शर्टाच्या कामात दर दोन-तीन दिवसांनी जुनं इमल्शन, म्हणजे चित्राबाहेरची जाळी बुजवणारा लेप, काढायचं, पाण्याचा फवारा मारायचा, नवं कोटिंग करायचं. लाकूड लांबीत फारसं फुगत नाही, आडव्या अंगाने फुगतं, आणि चार पट्ट्यांपैकी प्रत्येक आपल्या मर्जीने. सागवान बराच काळ सोसतं, पण कायमचं नाही. मढवण्याआधी लाकडाला वार्निशचे दोन-तीन हात दिले असते तर पाणी कमी प्यायलं असतं. आम्ही तेही केलेलं नव्हतं. एका रंगाच्या पिशवीवर अक्षर एक मिलिमीटर सरकलं तर कोणाच्या बापाला कळत नाही. चार रंगांत तीच मिलिमीटर सोंड होऊन बसते.

ती ऑर्डर आम्ही कशीबशी काढली. पांढरा थर कडेने थोडा आत घेतला, काळी रेघ जाड केली, चूक रेघेखाली झाकली गेली. मंडळ खूश. मी नव्हते.

मग माझं फ्रेमपुराण सुरू झालं.

पहिला शहाणपणा म्हणजे खिडक्यांचं सेक्शन, ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी. ॲल्युमिनियम पाणी पीत नाही, फुगत नाही, मग खिडक्या करणाऱ्याकडूनच चौकटी करून घेऊ, कोपऱ्यात स्क्रू मारू, असा माझा हिशोब. चार फ्रेमा केल्या. दिसायला झकास. कापड ताणल्यावर दोन दिवसांनी लांब बाजूवर सुतळी धरून बघितलं, तर पट्टी मधोमध दोन-तीन मिलिमीटर आत आलेली. कमरेत वाकलेली म्हणा ना. पातळ पत्र्याचा पोकळ चौकोन तो, वीस-चोवीस इंचांच्या फ्रेमवर कापडाची एकूण ओढ किती होते याचा मला अंदाजच नव्हता. कापडाचा ताण न्यूटनमध्ये मोजतात. सेंटिमीटरला वीस न्यूटन धरा, साठ सेंटिमीटरच्या पट्टीवर बाराशे न्यूटन होतात. सव्वाशे किलोचा माणूस त्या पट्टीवर बसल्यासारखं झालं ते. शिवाय स्क्रूचे सांधे महिन्याभरात हलायला लागले. त्या चारही फ्रेमा आता गच्चीवर पापडाखाली आहेत.

दुसऱ्या खेपेला जाड भिंतीचं दीड इंची चौकोनी सेक्शन, कोपरे वेल्डिंगचे, आणि काचेवर ठेवून चारही कोपरे तपासल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरवलं. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत एकाने करून दिल्या. फ्रेम सपाट, ताठ, सगळं मनासारखं. तरी तिसऱ्याच दिवशी पांढऱ्या शर्टावर हिरवट पाण्याचा थेंब. वर बघितलं, छत कोरडं. पुढच्या शर्टावर अजून एक. फ्रेम हातात घेऊन तिरकी केली तर आतून खळखळ आवाज. एका कोपऱ्यातल्या वेल्डिंगला टाचणीएवढं भोक राहिलं होतं. स्क्रीन धुताना पाणी इमल्शनसकट पोकळ नळीत शिरायचं आणि छापताना सवडीने गळायचं. तेव्हापासून नवी फ्रेम आली की मी ती आधी बादलीत बुडवते आणि कोपऱ्यातून बुडबुडे येतात का बघते. सायकलचं पंक्चर काढतात तसं. येणारे-जाणारे हसतात.

हे सगळं चौकटीचं झालं. खरी गोम कापडाच्या ताणात आहे, हे मला त्याहून उशिरा कळलं.

अण्णांची मढवायची पद्धत बघण्यासारखी. नायलॉनचं कापड ओलं करायचं, लाकडावर पसरायचं, मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं, एक पिन या बाजूला, एक समोरच्या. पिनेखाली सुती फीत, म्हणजे कापड फाटत नाही. नायलॉन पाण्याने सैल पडतं आणि वाळलं की आवळतं, त्यामुळे सकाळपर्यंत फ्रेम टणटणीत. मग ते बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणार आणि मान डोलावणार. त्यांच्या तरुणपणी तबल्याचा नाद होता, कान तयार आहे. पण आम्ही टी-शर्टासाठी पॉलिएस्टर वापरायला लागलो, आणि पॉलिएस्टरला ओलं केलं काय न् कोरडं ठेवलं काय, सारखंच. म्हणूनच ते रंगावर रंग बसवायला चांगलं. बाजारात अजूनही दोन्हीला नायलॉनच म्हणतात हा भाग वेगळा. अण्णा सवयीने पॉलिएस्टरही ओलं करून मढवत होते आणि सकाळी ते होतं तेवढंच सैल मिळत होतं.

एका ओळखीच्या छपाईवाल्याकडून ताण मोजायचं मीटर दोन दिवसांसाठी आणलं. घड्याळासारखी तबकडी, कापडावर ठेवली की काटा फिरतो. अण्णांच्या हाताची सगळ्यात चांगली फ्रेम घेतली. मध्यावर सेंटिमीटरला 11 न्यूटन, एका कोपऱ्यात 14, दुसऱ्यात 8. अण्णा म्हणाले मीटर बिघडलंय. मग आम्ही त्यांच्या कानाची आणि मीटरची परीक्षाच घेतली, कारण आवाजावर त्यांना "कडक" वाटलेली एक लहान फ्रेम मीटरवर सगळ्यात सैल निघाली. त्यातलं इंगित नंतर उमगलं: फ्रेम लहान असली की आवाज आपोआप चढा लागतो, आणि बारीक धाग्याचं कापड हलकं म्हणून तेही चढंच वाजतं. कान एकाच मापाच्या, एकाच नंबरच्या दोन फ्रेमांत खरं बोलतो. 43 नंबर, म्हणजे सेंटिमीटरला 43 धागे, आणि 77 नंबर यांची टिचकी तुलना करण्यात अर्थ नाही. हे तबल्याच्या भाषेत सांगितल्यावर अण्णांना लगेच पटलं. मोठ्या आणि लहान तोंडाचा तबला एका सुरात लागत नाही, ते म्हणाले, त्यात काय नवीन.

ताण कमी असला की कापड शाईनंतर लगेच शर्टावरून उचललं जात नाही, चिकटून राहतं. मग आपण स्क्रीन आणि शर्ट यांतलं अंतर वाढवतो. दोन-तीन मिलिमीटरचं पाच करतो. आता स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, कापडाला जास्त खाली दाबते, जास्त ओढते, चित्र लांबतं. प्रत्येक फ्रेमवर वेगळं लांबतं. पीळ नसता तरी आमच्या गणपतीला दुसरी सोंड फुटलीच असती, जरा बारीक, एवढंच. शिवाय अण्णांच्या फ्रेमा कार्डाच्या मापाच्या. कापड वाचवायला चित्राभोवती दोनच इंच मोकळे सोडलेले. चौकटीच्या जवळ कापड ताठर असतं, तिथे स्क्वीजी नीट बसत नाही. चारही बाजूंना चार-पाच इंच तरी हवेत.

यावर उपाय म्हणून रोलर फ्रेमचं खूळ डोक्यात शिरलं. चारही बाजूंना नळ्या फिरतात, कापड त्यांत अडकवायचं, पान्याने नळी फिरवून ताण हवा तेवढा चढवायचा. सैल पडलं की पुन्हा पिळायचं. असं पाच-सहा कामं करत ताणत गेलं की कापड मुरतं आणि मग ताण सोडत नाही. वाचायला स्वर्ग. त्याच ओळखीच्याने एक फ्रेम वापरून बघायला दिली. त्याने बजावलं होतं की कोपऱ्यातलं कापड आधी थोडं सैल सोडून मगच पिळायचं. मी ऐकलं, मान हलवली आणि विसरले. मीटरवर 22 दिसलं, अजून थोडं म्हणून पाना फिरवला, आणि कोपऱ्यातून कापड असं फाटलं की शेजारच्या किराणावाल्याला फटाका वाटला. कापडाचे पैसे मुकाट्याने दिले. दुसऱ्यांदा जमलं, छपाई सुरेख झाली हेही कबूल करते. पण एका फ्रेमच्या किमतीत पाच-सहा वेल्डिंगच्या फ्रेमा येत होत्या, वजन जास्त, खाचांत शाई जाते ती टोकरत बसायची, आणि दर कामानंतर मीटर लावून पिळणारं माणूस हवं. आमच्या दुकानात ते माणूस म्हणजे मी, आणि माझ्याकडे संध्याकाळी मुलाचा गृहपाठही असतो.

तेव्हा कुठे प्रश्न सरळ झाला. लाकूड की ॲल्युमिनियम की रोलर असं मी उगाच तोलत होते. कापड कोण ताणणार, किती दिवसांनी ताणणार, हे आधी ठरवायचं होतं. लाकडी फ्रेम घरात अण्णा मढवतात. रोलर मी मढवणार. वेल्डिंगची ॲल्युमिनियमची फ्रेम सांवेर रोडला कापड ताणायच्या मशीनवाल्याकडे पाठवायची, तो हवेच्या क्लॅम्पने चारही बाजूंनी एकदम ओढतो आणि चिकटवून देतो. मी तिसरा रस्ता धरला.

पहिली खेप आली ती 20 न्यूटन मोजून. दोन दिवसांनी 13. फसवलं म्हणून तणतणत गेले. तिथे बघितलं तर क्लॅम्प लावले, हवा भरली, लगेच गोंद, लगेच कापून बाजूला. पाच मिनिटांत फ्रेम तयार. कापड ताणलं की ते सुरुवातीला झपाट्याने सैल पडतं. त्याला ओढून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, परत ओढायचं, परत थांबायचं, मग गोंद. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, वेळ नव्हता. तेव्हा मी स्टूल ओढून मशीनसमोर बसले. त्याने हवा भरली की मी मोबाइलवर पंधरा मिनिटं लावायचे. "मॅडम, हो गया?" "नहीं भैया." त्या दिवशी सहा फ्रेमा झाल्या. दोन दिवसांनी मोजल्या तर 18 ते 19, आणि चारही कोपऱ्यांत जवळपास सारख्या. त्या वेळेचे जादा पैसे दिले, ते योग्यच होते.

गोंदाबद्दल एकच सांगते: पट्टी आधी सँडपेपरने खरवडून थिनरने पुसलेली हवी, नाहीतर धुता धुता कडा सुटते. आणि स्क्रीनवरचा जुना डाग काढायला कॉस्टिक सोडा वापरायची आमची जुनी खोड होती. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक म्हणजे फ्रेम खाऊन टाकणं. डबा रॅकवरून काढून टाकला.

आता चौदा ॲल्युमिनियमच्या आहेत, सगळ्या एकाच मापाच्या, प्रत्येकीच्या कडेवर मार्करने नंबर, मढवल्याची तारीख आणि ताण. मीटर अजून उसनंच आणते, महिन्यातून एकदा. अण्णांच्या सागवानी फ्रेमा कापडी पिशव्यांना ठेवल्यात, या उन्हाळ्यात त्यांना वार्निशचे तीन हात दिले. अण्णा त्यांवर नंबर टाकू देत नाहीत. कोणती कुठली ते त्यांना गाठीवरून कळतं.

काल मोजलं तर 3, 7 आणि 12 नंबर पंधराच्या खाली आलेत. उद्या सांवेर रोडला घेऊन जायच्या. स्टूल त्याने आता माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय.