आमची वाटचाल : देखाव्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत

आमची संस्था प्रोजेक्शन मॅपिंग करते, म्हणजे प्रोजेक्टरचं चित्र सेटच्या आकारावर नेमकं बसवते. पहिलं काम लालबागच्या एका गणपतीच्या देखाव्याचं. प्लायच्या डोंगरावरून धबधबा पाडायचा होता. देखाव्यात चार मिनिटांची एकच फिल्म दहा दिवस फिरते. त्याला रेझोल्यूम अरेनासारखं दुसरं सॉफ्टवेअर नाही: क्लिप टाका, लूप लावा, अॅडव्हान्स्ड आउटपुटमध्ये स्लाइसचे, म्हणजे चित्राच्या तुकड्यांचे, कोपरे ओढून बसवा, झालं. तोच लॅपटॉप, तेच सॉफ्टवेअर घेऊन आम्ही नाटकाला गेलो आणि धंदा बंद पडता पडता राहिला.

तो प्रयोग रात्रीचा होता. मध्यंतरात दिवा थंड राहावा म्हणून प्रोजेक्टर बंद केला. प्रोजेक्टर झोपला की केबलवरून त्याची ओळख, म्हणजे ईडीआयडी, जाते. लॅपटॉपला वाटतं पडदाच काढून नेला. दुसऱ्या अंकाआधी प्रोजेक्टर सुरू केला तेव्हा लॅपटॉपने आउटपुटचा क्रम बदलला होता. सेटवरच्या वाड्याच्या खिडक्यांचं चित्र ऑपरेटरच्या स्क्रीनवर, आणि वाड्यावर डेस्कटॉपचे आयकॉन. ते निस्तरायला नऊ मिनिटं लागली. निर्मात्यांनी पुढचे सगळे प्रयोग काढून घेतले. दोन प्रोजेक्टरांचे हप्ते मात्र चालूच होते.

यावरचा उपाय एका छोट्या डबीचा आहे. लॅपटॉपच्या पोर्टला लागूनच ईडीआयडी इम्युलेटर, म्हणजे प्रोजेक्टरची ओळख धरून ठेवणारी डबी, लावायचा. मग पलीकडे प्रोजेक्टर बंद असो वा केबल निघालेली असो, लॅपटॉपला पडदा समोरच दिसतो. प्रत्येक आउटपुटला एक, आणि पेटीत एक जादा. मध्यंतरातही प्रोजेक्टर बंद करू नका, शटर मिटा. शटर नसेल तर भिंगापासून थोडं दूर पुठ्ठ्याचं झाकण दोरीने सोडा. प्रोजेक्टरचा ‘काळा’ खरा काळा नसतो. अंधार झाला की सेटवर राखाडी चौकोन दिसतो आणि सॉफ्टवेअरमधल्या कोणत्याही मास्कने तो जात नाही.

आमच्या त्या नऊ मिनिटांवर एका स्पर्धकाने वर्षभर धंदा केला. ‘त्यांचं मॅपिंग हलतं’ असं तो प्रत्येक तालमीच्या हॉलवर सांगत फिरला आणि आमच्या निम्म्या दरात काम करू लागला. दर निम्मा कसा, ते आम्हाला माहीत होतं. सॉफ्टवेअरचं लायसन्स नाही, क्रॅक केलेली प्रत. फाईली सरळ एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ-प्रकारात. त्या प्रकारात बऱ्याचशा फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात, म्हणून क्यू, म्हणजे चित्र सोडण्याचा इशारा, दिल्यावर चित्र उमटायला क्षणभर उशीर होतो. लग्नाच्या व्हिडिओत तो क्षण कुणी मोजत नाही. नटाने दार ढकलल्यावर उजेड यायचा असेल तर तोच क्षण प्रसंग मारतो. आम्ही तेव्हापासून फाईली हॅप किंवा प्रोरेसमध्येच घेतो, त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. साध्या हॅपची एका मिनिटाची १०८०पी फाईल दीड-पावणेदोन जीबीपर्यंत जाते, म्हणून फाईली एसएसडीवरच हव्यात. आम्हाला काम देणाऱ्या दोन नाट्यसंस्था त्या स्पर्धकाकडे गेल्या. हे आम्ही अजून विसरलेलो नाही.

थांबले ते एकच वयस्कर निर्माते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी आगाऊ रक्कम परत मागितली नाही. उलट एक अट घातली: दुपारचं नाटक सुटल्यावर आमचा सेट लागेल, त्यानंतर तुम्हाला वीस मिनिटं, त्यात चित्र बसलं पाहिजे. सॉफ्टवेअर निवडण्याची याहून चांगली कसोटी आम्हाला आजवर सापडलेली नाही.

मुंबईत सेट एका जागी राहत नाही. आज दीनानाथ, उद्या ठाण्याचं गडकरी, रविवारी बोरिवलीचं प्रबोधनकार. रंगमंचाची रुंदी वेगळी, बाल्कनीचं अंतर वेगळं, फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटी, दरवेळी दोन बोटं इकडेतिकडे. म्हणून पहिला प्रश्न ‘चित्र किती सुंदर वाकतं’ हा नाही. मॅपिंग क्यूंपासून वेगळं राहतं का, हा आहे. क्यूलॅब या सॉफ्टवेअरमध्ये राहतं. साठ क्यूंना हात न लावता फक्त ‘स्टेज’चे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या पडद्याचे, कोपरे आणि चित्र वाकवणारी जाळी हलवायची. क्यू क्रमाने लागलेले असतात आणि ऑपरेटरने फक्त गो दाबायचं असतं. लायसन्स दिवसाच्या भाड्यानेही मिळतं, म्हणजे चार प्रयोगांच्या नाटकाला परवडतं. उणीव एकच, मॅकशिवाय चालत नाही. मिल्युमिन हे असंच दुसरं, तेही मॅकवर चालतं. विंडोज असेल तर इसाडोरा बघा, नट हलला की चित्र हलावं अशी गरज असेल तर आधी तेच बघा. कमानी, खांब, गोल घुमट असेल तर क्यूलॅबचं चित्र सायफनने (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चित्र नेण्याची सोय) मॅडमॅपर या मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, वळणं तिथे बसवा. टचडिझायनर ताकदीचं आहे, पण ज्याने त्यातला पॅच, म्हणजे जोडणीचा आराखडा, जोडला तो आजारी पडला तर प्रयोग कोण चालवणार? मोफत प्रत १२८० बाय १२८० च्या पुढे जात नाही, शिवाय ती व्यावसायिक कामाला चालत नाही.

वीस मिनिटांत आम्ही काय करतो ते सांगतो. प्रोजेक्टर क्लॅम्पने घट्ट, कीस्टोन (प्रोजेक्टरची स्वतःची चित्र वाकवण्याची सोय) बंद, उंची लेन्स शिफ्टने, म्हणजे भिंग सरकवून. कीस्टोन चालू ठेवलं तर चित्र दोनदा वाकतं आणि पिक्सेल फुकट जातात. मग ग्रिड, म्हणजे चौकटींचं चाचणी-चित्र, सोडायचा, चार कोपरे, त्यानंतर जाळी. फ्लॅटच्या कोपऱ्यांवर आम्ही काळ्या टेपचे बारीक ठिपके लावून ठेवतो, ग्रिड त्यांवरच आणायचा. कंट्रोल लांब असेल तर एचडीएमआय ओढू नका, पंधरा मीटरपुढे भरवसा नाही. कॅट सिक्स नेटवर्क केबल आणि तिच्यावरून चित्र नेणारं एचडीबेसटी वापरा. उजेडाचा हिशेबही आधीच करा. सहा हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर सहा मीटर रुंद चित्रावर जेमतेम तीनशे लक्स देतो. प्रकाशयोजनाकाराने फ्लॅटवर सांडणारा उजेड कापला नाही, तर कितीही महाग सॉफ्टवेअर घ्या, वाडा फिकाच दिसणार.

मधली वर्षं बरी गेली. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, प्रोजेक्टर सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेट्यांत गेले आणि २२ ऑक्टोबर २०२१ नंतर पुन्हा बाहेर आले. काकांचं नाटक पहिलं लागलं.

गेलेल्या दोन संस्थांपैकी एक परत आली. दुसरी नाही आली. त्यांच्या नाटकाची फाईल आमच्याकडे अजून आहे, पाच नाट्यगृहांच्या मॅपिंगसकट.