पहिल्या दिवसापासून फ्रेंचच का? तुम्ही विचारलंत म्हणून

दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस वर्गांच्या याद्या लागल्या की पालकांच्या ई-मेलमधून, आणि पुढे गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाच्या रांगेत, मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो : फ्रेंचचा गंधही नसलेल्या सहा वर्षांच्या मुलांशी तुम्ही पहिल्या दिवसापासून फ्रेंचच बोलता, हे तुम्हाला करवतं तरी कसं? काही जण सौम्यपणे सुचवतात की निदान सप्टेंबरभर इंग्रजीत बोलावं आणि मुलांना रुळू द्यावं. एका आजोबांनी तर याला 'कोवळ्या जिवांवरचा अत्याचार' म्हटलं होतं, आणि ते म्हणता म्हणता माझ्या पानात आग्रहाने मोदकही वाढला होता. आजवर मी हसून बगल देत आले. आता एकदा सविस्तर लिहिते.

मी टोरंटोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवून ती भाषा रुजवण्याच्या कार्यक्रमाच्या, पहिलीच्या वर्गाला शिकवते. विचारणाऱ्यांचा पहिला गैरसमज असा असतो की माझ्या वर्गात मुलांना फ्रेंचमध्ये बोलण्याची सक्ती असते. तशी ती नसते. फ्रेंच मी बोलते. मुलं सप्टेंबरमध्ये मनाला येईल ते आणि येईल त्या भाषेत बोलतात, आणि त्यांचं इंग्रजी मला समजतं हे त्यांना पहिल्या तासाभरातच कळून चुकतं. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी ती वर्गात येतात तेव्हा फळ्यावर दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावलेलं असतं, शौचालयाचं कार्ड दाराशी त्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर टांगलेलं असतं, आणि मी बसा, उठा, ऐका, रांग करा हे सगळं हातवाऱ्यांसह इतक्या वेळा म्हणते की संध्याकाळी घरी माझा हात आपोआप हलत राहतो. दुसऱ्या दिवशी 'कोलासियों' हा शब्द उच्चारला की सगळा वर्ग डबे काढायला धावतो, कारण मधल्या खाऊची भाषा कुणालाही शिकवावी लागत नाही. सप्टेंबर इंग्रजीत घालवावा म्हणणाऱ्यांना मी सांगते की ज्या बाई सोयीसाठी इंग्रजी बोलतात, त्यांचं फ्रेंच मुलं ऑक्टोबरमध्ये ऐकत नाहीत. ती इंग्रजीची वाट पाहत बसतात. शिवाय आमच्या ओंटारिओ प्रांतात इमर्शनच्या मुलाला आठवी संपेपर्यंत किमान ३८०० तास फ्रेंचमधून शिक्षण मिळावं लागतं, आणि आमच्यासारखं पहिलीपासून अर्धा दिवस फ्रेंच असेल तर तो हिशेब जेमतेम जुळतो.

इथवरचं उत्तर मला तोंडपाठ आहे. पुढे मात्र ते अडखळतं.

इमर्शनच्या बाजूने बोलताना आम्ही शिक्षक हटकून १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सें-लाम्बेर इथे सुरू झालेल्या वर्गाचा दाखला देतो. इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी तो वर्ग मागून घेतला होता, आणि मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून, फ्रेंच येऊनही त्यांच्या इंग्रजीचं काही बिघडत नाही, हे दाखवून दिलं. ते खरंच आहे. पण त्या मुलांची घरची भाषा साऱ्या खंडावर सर्वांत बलवान होती. ती बिघडण्यासारखी नव्हतीच. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी पंजाबी, उर्दू, तमिळ किंवा अरबी बोलली जाते. अशी मुलंही इमर्शनमध्ये मागे पडत नाहीत, हे नंतरच्या संशोधनाने बऱ्याच अंशी दाखवलं आहे. तरीही तुमचा प्रश्न आजोबांना वाटला होता त्यापेक्षा अधिक अवघड आहे, हे मला एका मुलामुळे कळलं.

तो जुलैमध्ये आईवडिलांबरोबर महाराष्ट्रातून आला होता. बालवाडीत शिकलेली इंग्रजी बडबडगीतं आणि रंगांची नावं त्याला येत होती, पण 'मला बरं वाटत नाही' किंवा 'तो मला ढकलतो' एवढं सांगण्याइतकं इंग्रजी त्याच्याजवळ नव्हतं. म्हणजे सकाळी माझं फ्रेंच आणि दुपारी शेजारच्या वर्गातलं इंग्रजी, दोन्ही त्याला सारखीच परकी होती. 'बोला त्या भाषेत, मला समजेल' हा माझा मोठेपणा इतरांप्रमाणे त्याच्याही उपयोगी पडू शकला असता, किंबहुना त्याच्याच सर्वांत जास्त, कारण त्याची भाषा माझीच होती. पण मला मराठी येतं हे मी त्याला सांगितलं नव्हतं. ठरवून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आम्ही गालिच्यावर गोल बसून वार आणि हवामान म्हणत असताना, त्याचा हलणारा दात पडला. हनुवटीवरून रक्ताची बारीक धार सदऱ्यावर उतरली, आणि तो उभा राहून, माझं आडनाव त्याच्या घरी कधीतरी बोललं गेलं असावं म्हणून की केवळ भीतीने, मोठ्याने ओरडला : "टीचर, माझा दात पडला! रक्त येतंय!" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले, कागदी रुमाल ओठाला लावला, आणि शक्य तितक्या मायेने फ्रेंचमध्ये म्हणाले, "ता दाँ? मोंत्र म्वा." दाखव बघू. त्याने दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, ऑफिसमधून दाताच्या आकाराची प्लास्टिकची डबी आली, दात तिच्यात गेला, आणि पाहणाऱ्याला वाटलं असतं की इमर्शनचा याहून आदर्श धडा शोधून सापडणार नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी कोणत्याही भाषेत बोलेनासा झाला. सांगितलेलं सगळं करी, रांगेत उभा राही, कार्ड दाखवून शौचालयाला जाई. पण ओठ मिटलेले.

काही दिवसांनी शाळा सुटताना त्याची आई मैदानाच्या फाटकाशी थांबली. ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही, हेच मला जड गेलं. "मॅडम, तो म्हणतो, टीचरना मराठी समजलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या माझ्यावर रागावल्या आहेत का, असं विचारतोय." मी तिला, त्याच्या देखत, मराठीत समजावू लागले : मी एकाशी त्याच्या भाषेत बोलले तर बाकीच्यांनी काय करायचं, अरबी किंवा तमिळ बोलणाऱ्या मुलाचा दात पडला तर मी काय करणार, आणि हा माझ्या मराठीच्या आधाराने बसून राहिला तर फ्रेंच कधी शिकणार. तिने मान डोलावली. तो मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होता. "म्हणजे तुम्हाला फाटकाच्या बाहेरच मराठी येतं?" त्याने विचारलं.

मी तिला दिलेली कारणं आजही मला खोटी वाटत नाहीत. पण ती सगळी कारणं नव्हती. मी फ्रेंच पुण्यात शिकले, आणि बॅक-टू-स्कूलच्या, म्हणजे पालकांच्या भेटीच्या, संध्याकाळी 'तुम्ही फ्रेंच कुठे शिकलात?' हा प्रश्न फ्रेंचभाषक क्विबेकहून आलेल्या माझ्या सहकारी शिक्षिकेला कुणी विचारत नाही. त्या गालिच्यावर माझ्या तोंडून मराठी निघालं असतं, तर ते सगळ्या मुलांबरोबर त्यांच्या घरी गेलं असतं, आणि ज्या पालकांना आधीच शंका होती त्यांना पुरावा मिळाला असता. माझ्या काटेकोरपणात पद्धतीवरची निष्ठा किती आणि ही धास्ती किती, हे मला वेगळं करता येत नाही.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला आम्ही सगळे नारिंगी शर्ट घालतो. शाळेच्या पहिल्याच दिवशी एका मूलनिवासी मुलीचा आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट काढून घेण्यात आला होता. तिच्या आठवणीवरून हा दिवस सुरू झाला, आणि सप्टेंबर निवडला गेला तो याच सुमारास मूलनिवासी मुलांना घरांतून निवासी शाळांत, म्हणजे त्यांना कुटुंबापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी आणि चर्चच्या वसतिशाळांत, नेलं जाई म्हणून. त्या शाळांत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, हे मी पहिलीच्या मुलांना चित्रांच्या मदतीने सांगते. फ्रेंचमध्ये सांगते. त्या शाळा आणि माझा वर्ग यांची तुलना होऊच शकत नाही : इथे पालक स्वतः अर्ज करतात, मूल रोज घरी जातं, त्याच्या भाषेला कुणी शिक्षा करत नाही. हे सगळं मला पटतं. पण त्या वर्षी ते सांगत असताना मी त्या मुलाकडे पाहणं टाळलं होतं, हेही खरं आहे.

ऑक्टोबरच्या मध्यावर तो बोलू लागला, आधी मैदानात इतर मुलांशी, मग माझ्याशी, तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये. तेव्हाची मी लगेच म्हणाले असते की पद्धत यशस्वी झाली. आजची मी तिला विचारते, की बहुतेक मुलं ऑक्टोबरमध्ये बोलू लागतातच, मग यात तुझं काय? त्यावर ती विचारते, मग आता असा मुलगा वर्गात आला तर तू काय करतेस? आता मी पहिल्याच दिवशी, कोट अडकवण्याच्या खुंट्यांपाशी, त्या मुलाला एकट्याला मराठीत सांगते की तू बोलशील ते मला समजतं. गालिच्यावर मात्र आजही फ्रेंचच. ही तडजोड आहे की पळवाट, यावर आम्हा दोघींचं एकमत झालेलं नाही.

तुम्हाला ऑगस्टमध्ये काही करायचंच असेल, तर मुलाला फ्रेंच आकड्यांची घोकंपट्टी करायला लावू नका. ती मी एका आठवड्यात करून घेते. डबा त्याचा त्याला उघडता येतो का ते पाहा. आणि शाळेत दोन भाषा आहेत म्हणून घरची तिसरी बंद करू नका, तिच्यातच त्याला रोज रात्री वाचून दाखवा.