कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी द्यायचं काय?

कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून बघायची तपासणी. तिच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी फक्त क्लिअर लिक्विड, म्हणजे आरपार दिसणारं पातळ, सांगितलं की आपल्या घरात पहिल्यांदा आठवतं ते ताक, पेज आणि दूध, आणि नेमकं तेच चालत नाही. बाबांच्या वेळी शेजारच्या काकू मायेने पेज घेऊन आल्या, आत्याचा डोंबिवलीहून फोन, "अरे दादाला उपाशी नको ठेवूस, निदान कपभर दूध तरी दे." नाही द्यायचं. इथे कडक राहायलाच लागतं, कारण आतडं नीट साफ झालं नाही तर छोटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली गाठ, दिसायचा राहून जातो, कधी तर सगळी तपासणी परत करायला लागते.

मी साधी टेस्ट ठेवली, काचेच्या ग्लासात ओतायचं, मागे पेपर धरायचा, अक्षरं वाचता आली तर द्यायचं. गाळलेलं लिंबू सरबत, मलई नसलेलं शहाळ्याचं पाणी, कोरा चहा, ओआरएस. लाल-जांभळं काही नको, आत ते रक्तासारखं दिसू शकतं, म्हणजे कोकम सरबतही बाद.

पण यातलं बहुतेक सगळं गोड, आणि हे कोणी आधी सांगत नाही की दुपारपर्यंत माणसाला गोडाची शिसारी येते. बाबा म्हणाले, "काहीतरी खारट दे रे." मग दुधीचे तुकडे, कोथिंबिरीच्या काड्या, आलं, थोडं जिरं असं कुकरला लावलं, ते पाणी आधी गाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडकं पिळायचं अजिबात नाही, पिळलं की गाळ खाली उतरतो, आपोआप ठिबकू द्यायचं, वेळ लागला तरी चालेल. वर मीठ घालून गरम गरम कपात दिलं तर लगेच "अजून आहे का?" मला त्या दिवसात सगळ्यात बरं तेव्हा वाटलं.

पोट साफ करायच्या पावडरचं पाणी आमच्याकडे २ लिटर होतं, अर्धं संध्याकाळी अर्धं पहाटे. थंड करून दिलं की जरा सोपं जातं. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, सकाळी माजिवड्याला ट्रॅफिक कसा असतो ते ठाणेकरांना सांगायला नको, त्यामुळे पहाटेचा डोस कधी संपवायचा ते घरातून निघायच्या वेळेवरून डॉक्टरांकडून ठरवून घेतलं, नाहीतर गाडीत हाल होतात हो म्हाताऱ्या माणसाचे.

आणि घरात डायबिटीस असेल तर प्लीज, गोळ्या आणि इन्सुलिन त्या दिवशी किती घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. रक्त पातळ करायच्या आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, त्यातल्या काही बरेच दिवस आधी बंद करायला लागतात. पोटात जेवण नाही आणि डायबिटीसची गोळी नेहमीची घेतली तर शुगर एकदम खाली येऊ शकते. ग्लुकोमीटर हाताशी ठेवा, आणि घाम आला, हात थरथरले तर वाट बघू नका, लगेच शुगर चेक करा, कमी असेल तर साखरेचं पाणी द्या, तेही क्लिअरच असतं.